चार बोटांची चिंबोरी

पेणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत तीन सदरे, बायकोने आग्रहाने कोंबलेला स्वेटर आणि फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर कॅलिपर होता. साताऱ्यातून निघताना दात वाजत होते, पण पेणच्या दमट हवेत तो स्वेटर बाहेर काढायची वेळ शेवटपर्यंत आली नाही. कॅलिपर मात्र काढला. तो काढला नसता तर बरं झालं असतं, असं पुढे मला वाटायचं होतं.

मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच उकरून काढायची, दुधाच्या मापाला बुडाशी दिलेला पोचा शोधायचा, खोटं माप जप्त करून पंचनामा लिहायचा, यात माझी तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बायको वाटीने तांदूळ मोजू लागली की मी उठून बाहेर जातो.

अशा माणसाला भाचीने पत्र लिहिलं होतं. सुधा धरमतर खाडीकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. पत्रात लिहिलं होतं, "मामा, इथल्या बायका खाडीत चिंबोऱ्या (मोठे खेकडे) धरतात. बारक्या चिंबोऱ्या पाण्यात परत सोडायच्या असं त्यांनी आपणहून ठरवलं, पण बारकी म्हणजे केवढी यावरून गावात दोन तट पडले आहेत. तुम्ही सरकारी मापाचे माणूस आहात असं मी सांगून बसले आहे. या."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. सरकारी मापाचा माणूस असं मला गेल्या दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

पेणहून दुसरी एसटी धरली. रस्त्याच्या एका बाजूला भाताची कापलेली शेतं आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. मिठाचे पांढरे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे आपोआप बारीक व्हावेत. दूर खाडीत मालाचा एक बार्ज धक्क्याकडे सावकाश सरकत होता. सुधा गावच्या फाट्यावर उभीच होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पहिलं वाक्य बोलली, "मामा, हिराबाईसमोर जनाबाईचं नाव काढू नका. आणि जनाबाईसमोर हिराबाईचं."

भानगड अशी होती. हिराबाई आणि जनाबाई एकाच गावच्या लेकी. एकाच मांडवात लग्नं होऊन दोघी या गावात आल्या. पंचवीस वर्षं एकाच होडीतून खाडीत जात होत्या. चिंबोऱ्या दरसाल बारक्या होत चालल्या, तशी हिराबाईनेच बायकांना गोळा करून नियम काढला: चिंबोरीच्या पाठीवर डोळ्यांपासून मागच्या कडेपर्यंत एकमेकांना चिकटलेली आडवी चार बोटं बसली पाहिजेत. कमी असेल तर सोडून द्यायची. नियम चांगला होता. अडचण एवढीच, की हिराबाईची बोटं केळ्यांसारखी आणि जनाबाईची शेवग्याच्या शेंगांसारखी. हिराबाई जी चिंबोरी सोडायची तीच पुढच्या ओहोटीला जनाबाईच्या जाळीत सापडायची, आणि तिच्या चार बोटांत ती बरोब्बर बसायची. एक दिवस हिराबाईने सगळ्यांसमोर तिला चोरटी म्हटलं. तेव्हापासून सात महिने दोघींचं बोलणं बंद होतं.

रात्रीचं जेवण हिराबाईकडे होतं. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली बाई. तिने पितळीत चिंबोऱ्यांचं लालभडक कालवण वाढलं. मी मटण खाणारा माणूस, पण ताटातून नांगी वर करून बघणारं अन्न मला नवीन होतं. नांगी दाताखाली धरून जोर केला तर ती निसटली आणि थेट सुधाच्या ताकात पडली.

"दातांनी नको, सायेब," हिराबाई म्हणाली. "कवळी हाय का?"

"नाही, माझेच आहेत."

"मग तर नकोच." तिने वरवंटा आणून माझ्या ताटातल्या नांग्या एकेक करून ठेचून दिल्या, लहान मुलाला भाकरी कुस्करून द्यावी तशा. आतला मांसाचा तुकडा तोंडात गेला आणि मी लगेच दुसऱ्या नांगीला हात घातला.

"गोड हाय ना?" ती म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळंला एका चिंबोरीत दोन माणसं जेवायची. आता तुमच्या एकट्याच्या ताटात तीन वाढल्या. पोर व्हायच्या आधीच धरतो आमी त्यांना. मग पुढल्या वर्षी खाडीत काय येणार, पानी?"

मी मान हलवली. तोंड भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. बावीस बायका आल्या. हिराबाई या टोकाला, जनाबाई त्या टोकाला. जनाबाई म्हणजे काटक, काळीसावळी, जिवणी घट्ट मिटलेली बाई. मी कॅलिपर काढला आणि एकेकीची चार बोटं मोजायला सुरुवात केली. परक्या पुरुषाने हात मोजायचा म्हणून आधी लाजणं झालं, मग हसणं, मग मोजून झालेल्या बायका पुन्हा रांगेत उभ्या राहू लागल्या. दुपार गेली. सगळ्या बोटांची सरासरी काढली ती सात सेंटिमीटर आली.

"सात," मी उभा राहून जाहीर केलं. "आजपासून कुणाचंही बोट चालणार नाही. सात सेंटिमीटरचं एक कडं करू. ते चिंबोरीच्या पाठीवर ठेवायचं. डोळ्यांकडची आणि मागची कड कड्याच्या बाहेर दिसली तर चिंबोरी आपली. कड्यात मावली तर खाडीची."

बायकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात जनाबाई पहिल्यांदाच बोलली. "आमी सोडू. पन रोह्याच्या बाया सोडतील का? माल उचलनारा टेम्पोवाला काय सांगतो, तुमी बारक्या देत नाय तर मी रोह्याला जातो. तिथं सगळी घेतात."

ती म्हणाली ते खरं होतं. रोह्याच्या कुंडलिका खाडीतल्या बायकांनी तेच माप धरलं नाही, तर इथला नियम चार दिवस टिकला नसता. जनाबाईची मावसबहीण सगुणा रोह्यालाच दिलेली होती. तीन दिवसांनी भांग (कमी भरतीचे दिवस, तेव्हा चिंबोऱ्या फारशा मिळत नाहीत) होता. त्या दिवशी रोह्याच्या बायका घरी सापडतील, तेव्हा माप घेऊन तिकडे जायचं ठरलं.

आता कडं करायचं कुणी? गावचा सुतार लग्नाला गेला होता. हिराबाई म्हणाली, "जोह्याला जाऊ. गनपतीवाले काय वाटेल ते करतात."

जोह्यात घरोघरी कारखाने. दारात, पडवीत, माळ्यावर गणपतीच गणपती. कुणाला अजून सोंड नाही, कुणाला हात नाही, पण सगळ्यांची पोटं आधी तयार. हिराबाईच्या ओळखीच्या मूर्तिकाराने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"प्लॅस्टरमध्ये करू का शाडूमध्ये?"

"शाडूच," मी म्हणालो. "प्लॅस्टरचा भरवसा नाही."

"शाडू चांगलीच, पण साहेब, ती सुकताना..."

"सुकवतो आम्ही. उन्हात ठेवू," मी म्हणालो. मोठ्या अधिकाऱ्याला मध्येच तोडायची सवय असते. तेवढीच एक गोष्ट मी पेन्शनबरोबर घरी आणली आहे.

त्याने खांदे उडवले आणि पंधरा मिनिटांत एक सुबक कडं वळून दिलं. आतलं माप मी कॅलिपरने तपासलं. बरोबर सात. ओल्या मातीवर खिळ्याने मी स्वतःच्या हाताने "७ सें.मी." असं कोरलं आणि खाली सही केली. सुधाच्या अंगणात ते दोन दिवस उन्हात वाळलं. मग शेजारच्या मुलीने त्याला सोनेरी रंग दिला आणि वर लाखेचा हात फिरवला. इतकं देखणं माप माझ्या उभ्या नोकरीत माझ्या हाती आलं नव्हतं. त्याला पुन्हा कॅलिपर लावायचं माझ्या मनातही आलं नाही.

रोह्याच्या एसटीत तिघांच्या बाकावर खिडकीशी जनाबाई, कडेला हिराबाई आणि मधे मी, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं कडं. दोघी एकमेकींशी बोलत नसल्यामुळे सगळं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं.

"सायेब, तिला सांगा, पदर आत घे. खिडकीतून उडतोय."

मी जनाबाईकडे वळलो. "त्या म्हणतात..."

"ऐकलं मी. तिला सांगा, पदर माझा हाय. उडू दे."

मी हिराबाईकडे वळलो. "त्या म्हणतात..."

"मी काय बहिरी हाय?"

नागोठण्यापर्यंत माझी मान दुखायला लागली. मधे हिराबाईने डब्यातले तांदळाचे घावन काढले, मला दोन दिले आणि आणखी दोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "हे तिला द्या. सकाळपासून उपाशी आलीय. तिचं मला ठाव हाय, गाडीत बसायचं म्हटलं की खात नाय." मी ते पुढे सरकवले. जनाबाईने खिडकीबाहेर बघत घेतले आणि खिडकीबाहेर बघतच खाल्ले. "तिला सांगा, मीठ कमी हाय," एवढंच ती म्हणाली. हिराबाईने "ह्यँ" केलं, पण मला दिसलं की तिला बरं वाटलं होतं.

रोहा जवळ आलं तसे धाटावच्या कंपन्यांतले दुसऱ्या शिफ्टचे कामगार गाडीत भरले. त्यांच्यातल्या एकाने माझ्या मांडीवरच्या रुमालातून डोकावणाऱ्या सोनेरी कड्याकडे बघून हात जोडले. मला वाटलं मला, म्हणून मीही जोडले.

सगुणाचं घर नदीच्या अंगाला होतं. अंगणात पंधरा-सोळा बायका बसल्या होत्या आणि मध्यभागी एका खुर्चीवर काळी टोपी घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ. सगुणाने ओळख करून दिली. "हे हस्केलकाका. इथल्या यहुदी लोकांतलं हेच एक घर आता ऱ्हायलं. बाकी सगळी इस्रायलला गेली. ह्यांचं तेलाचं दुकान होतं."

"आणि आज ते..." मी विचारलं.

"आज पंच. ह्यांच्या धर्मात चिंबोरी चालत नाय. ज्याला खायचीच नाय, तो कुनाच्या बाजूनं कशाला बोलंल?"

मला हा विचार फार पटला. मी उभा राहिलो, सरासरी समजावून सांगितली, आणि रुमाल उलगडून कडं हस्केलकाकांच्या हातात दिलं. अंगणात कौतुकाची कुजबूज झाली.

हस्केलकाकांनी कडं उलटंपालटं केलं. कोरलेलं वाचलं. मग कोटाच्या खिशातून पोलादी पट्टी काढून आत आडवी धरली. चष्मा वर केला. पुन्हा धरली.

"साहेब, तुम्ही कुठल्या खात्यात होता म्हणालात?"

"वजनमापे."

"चाळीस वर्षं तेल विकलं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "दरसाल तुमच्या खात्याचा माणूस यायचा. माझी मापं उन्हात धरून, उलटी करून, बुडं वाजवून बघायचा. एकदाही खोट निघाली नाही. आज पहिल्यांदा तुमच्या खात्याचं माप माझ्या हातात आलंय." ते थांबले. "याच्यावर सात लिहिलंय. हे साडेसहा आहे."

मी कॅलिपर काढला. साडेसहाच होतं. कॅलिपर काढला नसता तर निदान म्हाताऱ्याची पट्टी चुकीची आहे असं म्हणता आलं असतं. जोह्याचा मूर्तिकार काय सांगत होता ते मला तेव्हा, भर अंगणात, पूर्ण ऐकू आलं: साहेब, ती सुकताना आकसते. कमी भरणाऱ्या मापावर जास्त आकडा घालणं, ज्या गुन्ह्यासाठी मी अख्ख्या जिल्ह्यातल्या दुकानदारांना रडवलं होतं, तो मी सही करून, सोनेरी रंग देऊन केला होता.

रोह्याच्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावले. मग एकीला आवरलं नाही. मग कुणालाच आवरलं नाही. सगुणा म्हणाली, "हे माप घेऊन गेलो तर टेम्पोवालाच हार घालंल आमाला!"

सगळं फिसकटलं असंच वाटत होतं. हिराबाई खाली मान घालून बसली होती. मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी जनाबाईचा आवाज आला.

"हिरे, चोर मी नव्हते गो. हा सायेबच बारका निघाला!"

हिराबाईने चमकून मान वर केली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणीतरी हिरे म्हटलं होतं. तिचं हसू आधी पोटातून निघालं, मग खांदे हलले, मग ती इतकी हसली की सगुणाने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. माझी अब्रू गेली होती, पण ती एका चांगल्या कामी आली असं मी मनाला समजावलं.

हसणं ओसरल्यावर जनाबाई उठली आणि सरळ हिराबाईचा हात धरून तिने तो वर केला. हिरव्या बांगड्या खळखळल्या.

"माप हितंच हाय. हिची बांगडी. पेनला घ्या, रोह्याला घ्या, नंबर एकच. कासाराला सांगितला की तेवढीच देतो. प्लॅस्टिकची घ्यायची, चिखलात फुटत नाय. हिचा नंबर पावनेतीन."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. बांगडीचा नंबर म्हणजे आतल्या व्यासाचे इंच, आणि पावणेतीन इंच म्हणजे सात सेंटिमीटरला केसभर कमी. बावीस बायकांची बोटं मोजून मी अख्ख्या दुपारी जिथे पोचलो होतो, तिथे ही बांगडी आधीपासून बसली होती. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

पण हिराबाई ओरडली. "पावनेतीन? कुनाचा? माझा नंबर अडीच हाय!"

"लग्नात होता अडीच."

"आता पन अडीचच हाय!"

जी बाई मोठ्या मापासाठी सात महिने भांडली, ती आता हाताच्या जाडीपायी स्वतःच माप लहान करून मागत होती. हस्केलकाकांनी विचार केला आणि निवाडा दिला, "दोन्ही मागवा."

बाजार जवळच होता. सगुणाच्या सुनेने दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या आणल्या, एक अडीचची, एक पावणेतीनची. पंचांनी स्वतः घरी जाऊन वाटीत खोबरेल आणलं. जनाबाई हिराबाईसमोर मांडी घालून बसली, तिचा हात मांडीवर घेतला, तेल चोळलं आणि अडीचची बांगडी चढवू लागली. ती बोटांवरून सरकली आणि अंगठ्याच्या सांध्यापाशी रुतली.

"अंगठा आत घे गो."

"घेतलाय."

"हाताचं बोचकं कर."

"केलंय! आग, मोडशील!"

"तू दोन वरसांपूर्वी पन असंच म्हटलं होतंस कासाराला. मीच हात धरून बसले होते तेव्हा."

हिराबाईने हात सैल सोडला. जनाबाईने रुतलेली बांगडी हळूच सोडवली आणि पावणेतीनची घातली. ती तेलावरून सुळकन मनगटात गेली. दोघी तशाच बसून राहिल्या, एकीचा हात दुसरीच्या मांडीवर. मग हिराबाई हलकेच म्हणाली, "चोरटी म्हनायला नको होतं मी."

"म्हनालीस ते म्हनालीस," जनाबाई म्हणाली. "पन सगळ्यांसमोर म्हनालीस."

"आता सगळ्यांसमोरच सांगते."

हस्केलकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. पावणेतीन." मी लिहून घेतलं. सही मात्र त्यांची घेतली.

सगुणा आणि तिच्या बायकांनी लगेच हो म्हटलं असं नाही. तासभर वाद झाला. शेवटी पुढच्या पावसाळ्यापर्यंत बांगडी धरून बघू असं ठरलं. तेवढ्यावर आम्ही उठलो. हस्केलकाका कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम जोरात चाललं होतं, त्याचा आवाज इथवर येत होता. ते म्हणाले, "इस्रायलहून मुलगा पत्रात विचारतो, बाबा तिकडे एकटे काय करता? आज लिहायला काहीतरी झालं." परतीच्या एसटीत मी कडेला बसलो. मधली जागा मला कुणी दिली नाही.

निघायच्या आदल्या सकाळी हिराबाईने मला होडीत घेतलं. ओहोटी लागली होती, खारफुटीच्या तिवरांची मुळं चिखलातून वर आली होती. दोघी जाळ्या ओढत होत्या. जनाबाईच्या बारीक मनगटात ती बांगडी राहत नव्हती म्हणून तिने ती कमरेला दोरीने बांधली होती. चिंबोरी आली की नांग्या पायाखाली दाबून पाठीवर बांगडी ठेवायची. पहिल्या पाच चिंबोऱ्या बांगडीच्या आत मावल्या. पाचही पाण्यात गेल्या, प्रत्येकीबरोबर एकेक शिवी गेली.

सहावी मोठी होती. दोन्ही कडा बांगडीच्या बाहेर स्पष्ट दिसत होत्या. "ही आली मापात!" मी म्हणालो.

जनाबाईने तिची पाठ अंगठ्याने दाबली. पाठ मऊ होती. तिने नांग्यांवरचा पाय उचलला, चिंबोरी अलगद धरली आणि पाण्यात सोडली.

"का सोडली? मापात होती की!"

"कात टाकलीय तिनं, तशीच वाढते ती. पाठ अजून वाळायचीय. टेम्पोवाला घेतो अशी पन, टोपलीतच मरते." ती जाळी पुन्हा पाण्यात टाकत म्हणाली, "आणि सायेब, आजच मोठी झाली आणि आजच धरली, हे बरं दिसतं का?"

हिराबाईने वल्हं थांबवून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग होडी पुढे काढली.

साताऱ्याच्या गाडीत बसल्यावर मी हा सगळा प्रवास मनात पुन्हा केला. तीस वर्षांत मी मापात मारणारे शेकडो पकडले. माप बरोबर असलं की माझं काम संपायचं, मी पुढच्या दुकानात जायचो. मापात बसलेली वस्तू कुणी आपण होऊन परत ठेवली, असा पंचनामा लिहायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, आणि तो कसा लिहितात हेही मला ठाऊक नाही. बांगडीचा नियम टिकेल का, चिंबोऱ्या पुन्हा हिराबाईच्या सासूच्या वेळेसारख्या होतील का, हे खाडीलाच विचारावं लागेल. टेम्पोवाला आहे, उद्या तिसऱ्या खाडीवर जाईल. पण मला दिसत राहिली ती मऊ पाठीची चिंबोरी. पाण्यात पडल्यावर ती क्षणभर तिथेच थांबली, कुणी आपल्याला सोडलं यावर विश्वास बसत नसल्यासारखी. आणि मग तिरकी तिरकी चालत गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.